दोघांच्या मधलं कपाट

जिन्यावरून पियानो उतरायला लागला की माणसं दारं उघडून उभी राहतात. चढणारा पियानो कुणी बघत नाही. उतरणारा बघतात, श्वास रोखून, आत्ता काहीतरी होणार अशा चेहऱ्याने. आणि काहीच होत नाही. दोन-सव्वादोनशे किलोचं ते काळं धूड, पोटाला पट्टे आवळलेले, कोपऱ्यांना जुन्या गादीचे तुकडे बांधलेले, एकेक पायरी करत खाली येतं, वळणावर जरासं अंग चोरतं आणि निघून जातं. भिंतीच्या रंगाला ओरखडा नाही, कठड्याला धक्का नाही.

त्या धुडाच्या खालच्या अंगाला, पाठ जिन्याकडे करून उलट्या पावली उतरणारा उंच माणूस म्हणजे खांब. वरच्या अंगाला, पियानोच्या आड, ज्याचा फक्त आवाज असतो, तो भोंगा.

"डावा पाय... खाली... अजून एक... हां, आता सपाट. वळण आलं. माझ्याकडे घे. अरे, तुझ्याकडे नाही रे बाबा, माझ्याकडे! थांब. टेक."

दोघांना खरी नावंही आहेत, पण ती दवाखान्याच्या चिठ्ठीपुरती. बाकी सगळीकडे "खांब-भोंगा पाठवा", असंच लोक फोनवर म्हणतात. जणू एकच माणूस आहे आणि त्याचं नाव जरा लांबलचक आहे.

खांबाच्या कामातली खरी गोष्ट अशी की त्याला काही दिसत नाही. पायरी दिसत नाही, वळण दिसत नाही, कुणीतरी मध्येच ठेवलेली कुंडी किंवा पसरलेलं मांजर दिसत नाही. नाकासमोर चार बोटांवर लाकूड, एवढंच. भोंगा म्हणतो "खाली", खांबाचा पाय मागे हवेत जातो, आणि तिथे पायरी असते. एकोणतीस वर्षांत पाय गेला आणि पायरी नव्हती, असं एकदाही झालेलं नाही. सकाळी दाढी करताना कधी हे मनात आलं की खांबाचा वस्तरा गालावर थांबतो. भीतीने नाही. इतकं कुणी कुणाचं ऐकावं, आणि इतकं कुणी कुणाला खरं सांगत राहावं, ह्याने.

त्यांची ओळखही जिन्यातच झाली. खांबाचा तेव्हाचा जोडीदार एक भलंमोठं टेबल अर्ध्या जिन्यात टेकवून "मला नाही जमत" म्हणाला आणि चालता झाला. खांब खाली अडकलेला. ना पुढे जाता येईना, ना सोडता. वरून एक गुटगुटीत माणूस रंगाचे डबे घेऊन उतरत होता. त्याने डबे बाजूला ठेवले, टेबलाची वरची कड धरली आणि म्हणाला, "डावीकडे भिंत आहे, उजवीकडे या. हळू. घाई कुणाला आहे?" रंगाचं दुकान त्याने त्याच आठवड्यात सोडलं. नाव विचारायचं दोघांनाही चार दिवसांनी सुचलं.

तर असे हे दोघं. आणि ह्या एकोणतीस वर्षांत ते एकमेकांच्या अंगाला लागले नव्हते. लागणार कसे? मध्ये कायम काहीतरी असायचं: कपाट, फ्रीज, सोफा, नाहीतर चहाचा ट्रे. भोंग्याचा श्वास कितव्या मजल्यावर जड होतो हे खांबाला माहीत होतं, त्याचा कुठला गुडघा थंडीत कुरकुरतो हे माहीत होतं. पण त्याच्या पाठीवर हात ठेवायचा तर तो कुठे ठेवतात, हे विचारलं असतं तर खांबाची पाचावर धारण बसली असती.

बसलीच होती. एकदा.

दोन वर्षांपूर्वी भोंग्याची बायको गेली. खांब पोचला तेव्हा तिला नेऊन झालं होतं आणि घर माणसांनी भरलेलं होतं. जो येई तो भोंग्याला मिठी मारी, पाठ थोपटी, बाजूला होई. ना कुणी रांग लावली होती, ना कुणी सांगितलं होतं, पण रांग होतीच. खांब त्या रांगेत उभा राहिला. पुढे तीन माणसं होती, मग दोन, मग एक. खांबाचे हात एवढे मोठे झाले की कुठे ठेवावेत ते कळेना. त्याची पाळी आली. भोंग्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

आणि खांब म्हणाला, "बसायला जागा नाही इथे." वळला, आणि भिंतीकडचं लांब बाक हलवायला लागला. मग खुर्च्या. मग टेबल. तासभर तो घरातलं सामान हलवत होता. लोक म्हणाले, किती राबतो बिचारा. राबत कुठला, पळत होता तो! भोंगा त्यावर कधी अवाक्षर बोलला नाही. दोन आठवड्यांनी कामावर आला, पट्टा खांद्याला लावला आणि म्हणाला, "डावा पाय." हे न बोलणंच खांबाच्या छातीवर बसून होतं.

आणि आता भोंगा निघाला होता.

एका मंगळवारी, गोदामाच्या दारात खोक्यांवर बसून चहा पिताना त्याने सांगितलं. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण हे वाक्य त्याने कपात सांगितल्यासारखं सांगितलं.

"लेक म्हणतेय, इकडेच या आता."

"किती दिवस?"

"दिवस कसले? कायमचं. गुडघा बघतोयस ना माझा."

खांबाने गुडघ्याकडे पाहिलं. "कधी?"

"रविवारी. सामान फार नाही. पलंग देऊन टाकला. हिचं कपाट तेवढं नेतोय." मग चहा संपवून, "दुसऱ्या कुणाला सांगू नकोस उतरवायला. आपणच उतरवू."

"मग काय, बाहेरची माणसं बोलावणार होतो का?" खांब म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

घरी जाऊन त्याने ही बातमी बायकोला सांगितली, आणि तिने सरळ दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"मग ह्या खेपेला तरी मारणार आहात का मिठी? की त्यांचं बाक पुन्हा हलवणार?"

"बाक विकलं त्याने."

"अहो!"

खांबाची लेक आणि जावई त्या दिवशी जेवायला आले होते. जावई म्हणजे गोड माणूस, पण मिठीमार. दारात मिठी, निघताना मिठी, क्रिकेटचा सामना जिंकला की मिठी. त्याने मिठी मारली की खांब दोन्ही हात अंगाला चिकटवून उभा राहायचा आणि शेवटी बोटाच्या पेराने त्याच्या पाठीवर दोनदा टकटक करायचा. दाराची फळी भरीव आहे की पोकळ ते बघतात तसं.

"बाबा, उभे राहा," लेक म्हणाली.

"कशाला?"

"तालीम. हा तुमचा भोंगाकाका."

जावई उत्साहाने स्वयंपाकघराच्या मध्यभागी येऊन भोंगा झाला. "डावा पाय खाली!" असं ओरडूनही बघितलं त्याने. खांबाला हसू आलं नाही.

"आता उजवा हात वरून, त्याच्या खांद्यावरून. डावा खालून, काखेतून. डोकं डावीकडे."

"माझ्या डावीकडे की त्याच्या?"

"दोघांच्याही!"

"असं कसं? टक्कर होईल."

"बाबा, सगळ्या जगाला जमतं!"

खांबाने हात पुढे केले. मध्येच ते थांबले. समोर एक माणूस उभा होता आणि त्याला उचलायचं नव्हतं, सरकवायचं नव्हतं, तिरकं करून दारातून काढायचं नव्हतं. नुसतं धरायचं होतं. धरून मग? खांबाने हात खाली घेतले.

"का नाही जमत हो?" बायकोने विचारलं. आता ती चिडवत नव्हती.

खांबाने ताट पुढे ओढलं. मग म्हणाला, "माझे वडील मला शेवटचे शिवले, ते शाळेच्या फाटकात. पुस्तकांची पिशवी खांद्यावर चढवली, नि म्हणाले, आता मोठा झालास. तिथून पुढे मी हात लावला, तो वस्तू उचलायलाच." मग घाईघाईने, "वाढ. भूक लागली."

बायकोने वाढलं. तिला भूक नव्हती.

रविवार उजाडला. भोंग्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, जुन्या इमारतीत; जिना अरुंद, दर मजल्याला एक वळण. खाली छोटा ट्रक उभा. भांडी, गाद्या, पुस्तकांची खोकी आधीच खाली गेली होती. उरलं होतं कपाट. भरीव लाकडाचं, शंभराला दोन-चार किलो कमी, दाराला आरसा. आरशावर भोंग्याने बायकोची जुनी चादर बांधली होती. गाठ अशी मारली होती की बघणाऱ्याला वाटावं, आत कुणी झोपलंय.

पट्टे लागले. खांबाने पाठ जिन्याकडे केली.

"तयार?"

"हं."

"उचल. डावा पाय... खाली..."

तिसरा मजला संपला. पहिलं वळण झालं. "माझ्याकडे... सोड जरासं... छान." दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्या. खांबाच्या नाकाशी ती चादर होती. साबणाचा आणि बंद कपाटाचा वास. शेजारपाजारची दारं उघडली होती. भोंग्याचा आवाज नेहमीसारखा खणखणीत येत होता. "खाली... खाली... अजून एक..."

आणि दुसऱ्या वळणावर तो बंद झाला.

खांबाचा पाय हवेत होता. खाली काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. आवाज येईल म्हणून पाय तसाच थांबला. आला नाही. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा खांबाने पाय परत वर घेतला.

"काय रे?"

खांबाने चादरीआडून कान दिला.

"बोल की."

वरून नुसता श्वास आला, पण तो गुडघ्याचा श्वास नव्हता. मग, कपाटाच्या पलीकडून, खांबाने कधीही न ऐकलेल्या एका बारीक आवाजात भोंगा म्हणाला, "हिला खाली आणलं ना, तेव्हा ह्याच वळणावर अडकले ते लोक. नवीन पोरं होती, जिना ठाऊक नव्हता. मीच वरून सांगत होतो. माझ्याकडे घ्या... माझ्याकडे घ्या..."

एवढंच.

खांब खाली, भोंगा वर, मध्ये तिचं कपाट. हात पोचत नव्हता. पोचला असता तरी खांबाने काय केलं असतं, देव जाणे. पण जे त्याला येत होतं ते त्याने केलं. एक पाय मागच्या पायरीवर चाचपत रोवला. खांदा कपाटाच्या तळाशी घातला. गाल लाकडाला टेकवला. आणि म्हणाला, "सोड."

"काय?"

"तुझी बाजू सोड. मी धरलंय."

"वेड लागलंय का? एकट्याने—"

"सोड म्हणतो ना. डोळे पूस. सावकाश पूस."

वरचा हात सुटला. सगळं कपाट खांबावर आलं.

त्या दिवशी दुसऱ्या मजल्याच्या दारात जी माणसं उभी होती, ती ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना आवाज आपोआप खाली येतो. शंभर किलोचं कपाट जिन्याच्या वळणावर तिरकं, त्याच्याखाली एक साठीचा माणूस, डोळे मिटलेला, आणि काही म्हणजे काही हलत नव्हतं. त्याच्या मानेची शीर दोरासारखी वर आली होती. वर दुसरा माणूस पायरीवर बसून, तोंड बाहीत खुपसून रडत होता. दोन वर्षांत रडला नव्हता तेवढं. कुणी मदतीला धावलं नाही. मदत कुठे करायची हेच कळेना. जिथे हात लावायचा तिथे आधीच कुणीतरी हात लावलेला होता. शेवटी भोंग्याने नाक पुसलं, उठला, आपली कड धरली.

"धरलं."

"नक्की?"

"नक्की रे. डावा पाय. खाली."

खांबाचा पाय मागे गेला. पायरी होती.

खाली ट्रकमध्ये कपाट चढलं, दोर आवळले गेले. भोंग्याची लेक पुढे बसली होती. ड्रायव्हर इंजिन सुरू करून आरशात केस नीट करत होता. भोंगा फुटपाथवर उभा राहिला, खिसे चाचपले, किल्ली दिली का, पाण्याची बाटली घेतली का, असं कुणालाच न विचारता विचारलं. मग विचारण्यासारखं काही उरलं नाही.

"चल," तो म्हणाला.

"हं," खांब म्हणाला.

आता. उजवा हात वरून, डावा खालून, डोकं डावीकडे. खांब एक पाऊल पुढे गेला. हात पसरले. भोंग्याने आधी मागे वळून बघितलं. आपल्या मागे काही उचलायचं राहिलंय की काय, म्हणून. काही नव्हतं. मग त्याला कळलं, आणि त्याचेही हात अर्धवट वर आले.

खांबाने मिठी मारली. म्हणजे त्याने मारायला घेतली. पुढचं शरीराने आपलं आपण केलं. हातांत वजन आलं तसे गुडघे वाकले, पाठ ताठ झाली, "हं!" असा हुंकार निघाला, आणि भोंगा जमिनीपासून वीतभर वर.

"अरे! अरे, ठेव! मी काय फ्रीज आहे का?"

ट्रकमध्ये लेक ओरडली, "काका!" ड्रायव्हर पोट धरून हसायला लागला.

खांब मात्र तसाच उभा. त्याच्या चेहऱ्यावरचा भाव कुणाला दिसला नाही, कारण तो भोंग्याच्या खांद्याआड होता. जगातली कुठलीही वस्तू नुसती बघून तिचं वजन सांगणारा हा माणूस. आणि हे वजन त्याने कधी केलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, एवढा आवाज, एवढं पोट, माणूस नव्वदीचा असणार. भोंगा साठसुद्धा भरत नव्हता. सदऱ्याच्या आत फासळ्या लागत होत्या. पोट कधी ओसरलं? ह्या एवढ्याशा हाडांनी एकोणतीस वर्षं पियानोची, लोखंडी तिजोऱ्यांची, दुसरी बाजू धरली होती? आणि वर ओरडायलाही श्वास शिल्लक ठेवला होता?

"ठेव ना रे लेका."

"कुठे ठेवू?" खांबाने खरोखरच विचारलं.

भोंगा हसायला लागला. त्याचं हसू खांबाच्या छातीतच हललं. मग हसू थांबलं. तोंडं दोन दिशांना होती, कुणाला कुणाचा चेहरा दिसत नव्हता. खांबाला ते सवयीचं होतं. म्हणूनच बोलता आलं असेल.

"त्या दिवशी मी—"

"बाक हलवत होतास."

"तू बघत होतास?"

"बघत?" भोंग्याचा आवाज एकदम मूळ पट्टीत आला. "अरे, दुसरी बाजू धरायला उठलो होतो मी! तू एकटा ते बाक फरफटतोयस, आणि मला सोडेल तर कोणी! एक मिठी सुटली की दुसरी. दहा जणांनी दाबून बसवलं. फरशीवर केवढा ओरखडा पाडलास, ठाऊक आहे? जा, बघून ये वर. आजही आहे."

दोन वर्षं जी गोष्ट छातीवर घेऊन खांब जिने उतरला होता, तिची दुसरी बाजू ह्याने धरायला घेतली होती, आणि त्याला पत्ताच नव्हता.

त्याने भोंग्याला खाली ठेवलं. काचेचं दार ठेवतात तसं: आधी चवडे, मग टाचा, मग जमीन लागली ह्याची खात्री. आता हात मोकळे व्हायला हवे होते. झाले नाहीत. खांबाच्या लेकीने धरायचं कसं ते शिकवलं होतं. सोडायचं कसं ते विचारायचंच राहिलं होतं. भोंग्याचा एक हात खांबाच्या पाठीवर आला, जरा भांबावला, मग खांद्याखालच्या खळग्यात बसला, जिथे पट्टा बसून बसून कातडी राठ झाली होती.

ट्रकच्या मागे एक मोटार येऊन थांबली आणि कर्कश हॉर्न वाजवायला लागली. तळमजल्यावरची बाई, जिचं गाड्यांवरून रोज कुणाशी ना कुणाशी वाजायचं, ती पदर खोचून "हलवा तो ट्रक!" म्हणायला बाहेर आली. दोन पावलं आली आणि थबकली. फुटपाथवर दोन म्हातारे पुरुष, एक उंच, एक बुटका, दोघांचे सदरे घामाने भिजलेले, आणि कुणीच कुणाला सोडत नव्हतं.

बाई मोटारवाल्याकडे वळली आणि तळहात उंच करून त्याला म्हणाली, "थांबा हो जरा. दिसत नाही का?"